ओल्या भिंतींची चित्रफेरी

सकाळी साडेसातला रहेमतुल्लाभाई पेंटर ब्रश आणि डब्यांची पिशवी घेऊन वच्छलाबाईंच्या घरापाशी आले आणि त्यांना स्वतःचं चित्र सापडेना. काल संध्याकाळपर्यंत त्या भिंतीवर दप्तर घेऊन शाळेत निघालेली एक मुलगी होती. आज भिंत पांढरी होती. मुलीचे तेवढे दोन डोळे शिल्लक होते आणि ते थेट रहेमतुल्लाभाईंकडे बघत होते.

भिंतीच्या पायथ्याशी वच्छलाबाई पांढऱ्या मातीच्या बादलीत पोताऱ्याचं फडकं पिळत बसल्या होत्या.

"वच्छलाबाई, हे काय केलं व माय?"

"पोतारलं नं भाऊ. पाह्य बरं, कशी चकाचक दिसते."

"अन् माही पोरगी?"

"हाय नं आतमंदी. डोळे ठेवले मी तिचे. लेकराच्या डोळ्यात माती कशी घालू?"

रहेमतुल्लाभाईंनी पिशवी खाली ठेवली आणि मग ती पुन्हा उचलली, कारण ती कुठे ठेवावी हे त्यांना कळेना.

तांबुळखेडला त्या दिवशी सकाळी दहा वाजता चित्रफेरी होती. जिल्ह्याने त्या वर्षी गावोगावच्या भिंतीचित्रांची स्पर्धा काढली होती. परीक्षकांनी गाडी वेशीवर सोडायची, गल्लीबोळांतून पायी हिंडायचं, अकरा चित्रं बघायची आणि गुण द्यायचे. जे गाव पास होईल त्याच्या पेंटरला तालुक्यातल्या शाळांच्या भिंती रंगवायचं काम मिळणार होतं. शाळा चाळीस. रहेमतुल्लाभाईंच्या उरलेल्या आयुष्याला पुरून उरतील इतक्या भिंती.

आणि त्यांना त्या हव्याच होत्या. चाळीस वर्षं त्यांनी नांदुऱ्यापासून वडनेर भोलजीपर्यंतच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. मग फ्लेक्स आलं. दुसऱ्या कुणी आणलं असतं तर शिव्या तरी घालता आल्या असत्या, पण नांदुऱ्यात स्टेशनजवळ फ्लेक्सचं दुकान काढलं ते त्यांच्या अकीलनेच. बापलेक घरात उर्दूत बोलत, पण भांडायचं झालं की वऱ्हाडीवर येत, म्हणजे शेजाऱ्यांचीही सोय व्हायची. गेल्या महिन्यातलं भांडण अख्ख्या आळीने ऐकलं होतं.

"अब्बा, या वयात कायले शिडीवर चढता? पडले म्हंजे? काउंटरवर बसा नं आरामात."

"बसून करू काय?"

"वाढदिवसाचे फोटो घ्याचे, नाव लिवून घ्याचं. एसी हाय."

"मले थंडी वाजते."

शेवटी अकीलच्या आईने, नसीमाबींनी, मध्ये पडून तोड काढली. चित्रफेरीत गाव पास झालं तर अकीलने पुन्हा विषय काढायचा नाही. नापास झालं तर निकालानंतरच्या सोमवारपासून रहेमतुल्लाभाईंनी काउंटरवर बसायचं आणि ब्रश मोहल्ल्यातल्या पोरांना वाटून टाकायचे.

वच्छलाबाईंच्या भिंतीवरून नजर काढून त्यांनी दयाराम कोतवालाला गाठलं. गावात दवंडी त्याचीच.

"काय दवंडी देली बे तू काल?"

"सरपंचानं सांगतली तेच. पुण्याची मॅडम तुमच्या भिंती पाह्याले येऊन राह्यली, समद्यायनं भिंती साफ ठेवा."

"अन् चित्राचं?"

"चित्राचं काही सांगतलं नव्हतं."

यात दयारामचा दोष नव्हता आणि खरं म्हणजे कुणाचाच नव्हता. तांबुळखेडमध्ये भिंत साफ करणं याचा एकच अर्थ पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. पाहुणे येणार म्हटलं की बायका तळ्याकाठची पांढरी माती कालवतात आणि भिंत पोतारून काढतात. सोयरीक बघायला पाहुणे आले तरी आधी भिंत तयार होते, पोरगी नंतर. इथे तर पाहुणी पुण्याची होती आणि खास भिंतच बघायला येत होती. पहाटे पाचपासून सगळ्या गावाचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते.

रहेमतुल्लाभाईंनी दयारामला बरोबर घेऊन अख्खं गाव पालथं घातलं. मारुतीच्या पाराजवळची भिंत पोतारलेली. सत्यभामाबाईंची पोतारलेली, वर कोपऱ्यात हळदीकुंकवाची बोटंही उठवलेली. अकरापैकी अकरा.

"एक बी नाही ठेवली?" रहेमतुल्लाभाईंनी विचारलं.

"एकीचे डोळे हायेत नं," दयाराम म्हणाला.

तेवढ्यात समोरून सरपंच भगवानराव जवळजवळ धावतच आले. एरवी ते सावकाश चालत. सरपंचाने घाई केली की लोकांना शंका येते, असं त्यांचं मत होतं.

"रहेमतभाई, बरबाद झालो! आमच्या घरची बी भिंत गेली!"

त्यांच्यामागून त्यांच्या पत्नी गोजरबाई शांतपणे पदराला हात पुसत येत होत्या. "गेली काय? मीच पोतारली. चांगल्या कामाची सुरुवात सरपंचाच्या घरून झाली पाह्यजे, असं भाषणात कोन म्हनते?"

या चित्रांमागे भगवानराव तीन महिने लागले होते. अकरा भिंती त्यांनी स्वतः बोट दाखवून निवडल्या होत्या, आणि दुसरी एखादी सुचवली तर ऐकूनही घेतलं नव्हतं. या भिंतींवर पूर्वी बीटी कपाशीच्या बियाण्याची जाहिरात होती. चौदा वर्षांपूर्वी कंपनीचा माणूस आला होता, भिंत दिली की घरटी एक थैली बियाणं देत होता आणि रंगाचे डबेही त्याचेच होते. ती जाहिरात रंगवली रहेमतुल्लाभाईंनीच आणि आता तिच्यावर सरकारी चित्रंही त्यांनीच काढली. फरक एवढाच की कंपनीने ऑइल पेंट दिला होता आणि ग्रामपंचायतीने पुड्यांचा डिस्टेंपर. "पाणी लागलं का उतरते हे," असं त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. "एक दिवस तर टिकवाचं हाय. मार्च महिन्यात पाणी कुठून येऊन राह्यलं?" असं भगवानराव म्हणाले होते.

फटफटीचा आवाज आला आणि अकील येऊन थांबला. बातमी बारा किलोमीटरवर नांदुऱ्याला कशी पोचली देव जाणे, पण पोचली होती.

"अब्बा, घाबरू नोका. अकराही चित्राचे फोटो हायेत माया मोबाइलात. तासाभरात फ्लेक्स मारून आनतो. खिळे ठोकले का झालं. मॅडमले काय समजते?"

भगवानरावांचे डोळे चमकले. रहेमतुल्लाभाईंचे चमकले नाहीत. त्यांच्या हाताने काढलेल्या चित्रांचं फ्लेक्स, तेही अकीलच्या मशीनवर, आणि ते दाखवून मिळवायचा काय, तर ब्रश धरायचा हक्क.

"मी मेल्यावर माया कबरीवर बी फ्लेक्सच लावजो," ते म्हणाले. "आज नोको."

अकीलला बापाचा राग आला आणि दयाही आली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तो नुसता फटफटीच्या आरशात बघून केस सारखे करत राहिला.

तोच दयाराम ओरडला, "भाऊ, इकडं पाहा!"

सरपंचांच्या भिंतीवर गोजरबाईंनी पोताऱ्याचा दुसरा हात नुकताच मारला होता आणि तो अजून ओला होता. ओल्या मातीतून खालचं वडाचं झाड दिसत होतं. अंधुक होतं, पण पारंब्यांसकट झाड होतं. रहेमतुल्लाभाई जवळ गेले. उन्हाची तिरीप पडली होती तिथला शेंडा हळूहळू पांढरा होत नाहीसा होत होता.

"ओली हाय तोवर दिसते," ते पुटपुटले. "सरपंच, फेरी इथूनच सुरू करू. अन् बाकीच्या भिंतीवर पाणी शिंपडत जाऊ. पन शिंपडाचं फक्त. लिंबाच्या डगालीनं, हळूच. बादली मारली का खालचा डिस्टेंपर बी जाईन, मंग…"

"मंग?" अकीलने विचारलं.

भगवानराव आणि रहेमतुल्लाभाईंनी एकमेकांकडे बघितलं, आणि भगवानराव बादल्या शोधायला वळले.

पाण्याचा प्रश्न होताच. टँकर तीन दिवसांतून एकदा येत होता. सत्यभामाबाईंनी साफ सांगितलं, "सरपंचाच्या चित्रापायी माया रांजनातलं पाणी? हात लावून तर पाहा!" बाकीच्या घरांतूनही तेच उत्तर आलं. शेवटी गोजरबाईंनी स्वतःचा ड्रम उघडून दिला. "घ्या. पन आज आंघोळ नाही कोनाले," त्यांनी नवऱ्याला बजावलं. दयाराम दोन बादल्या आणि लिंबाची डहाळी घेऊन पुढच्या गल्लीत पळाला.

दहाला पाच कमी असताना परीक्षक आल्या. पुण्याच्या कलामहाविद्यालयातल्या आठल्ये मॅडम साठीच्या आसपासच्या होत्या. डोक्यावर टोपी, हातात वही आणि घाई अजिबात नाही, हे सगळ्यात वाईट होतं.

"छान!" वडासमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या. "फार वेगळी रंगसंगती आहे. धुक्यातलं झाड. तुम्ही पांढऱ्याचा थर वरून दिलात का?"

"हाव. म्हंजे… गावानं देला," रहेमतुल्लाभाई म्हणाले. त्यांचं लक्ष झाडाच्या शेंड्याकडे होतं. अर्धं झाड गेलं होतं.

"इथे वरती फांद्या होत्या ना आत्ता?"

"मॅडम, पुढं चला, पुढं लय चांगली हायेत," भगवानराव मध्ये आले. "ऊन लागन तुमाले."

"मला उन्हाची सवय आहे. मी जरा रेखाटन करून घेते."

त्यांनी वही उघडली. मॅडम कागदावर झाड काढत होत्या तसतसं भिंतीवरचं झाड कमी होत होतं. बुंधा उरला तेव्हा गोजरबाईंनी चहाचा आग्रह केला, आणि जन्मात पहिल्यांदाच भगवानराव बायकोवर खेकसले, "चहा मंग! आधी चित्रं!"

दुसरी भिंत दयारामने नीट शिंपडून ठेवली होती. तिथली बैलजोडी निभावली, एका बैलाचं शिंग सोडून. पण तिसऱ्या भिंतीपाशी मंडळी पोचली तेव्हा दयाराम रिकाम्या बादल्या घेऊन सरपंचांच्या ड्रमकडे पळत होता, आणि भिंत कोरडी ठणठणीत, पांढरीशुभ्र.

"इथे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"इथं पाण्याचं चित्र हाय," रहेमतुल्लाभाई म्हणाले. "नळ, अन् थेंब. थेंब थेंब वाचवा."

"कुठे?"

मॅडम वहीत काहीतरी लिहू लागल्या. रहेमतुल्लाभाईंना उलटी असूनही ती अक्षरं वाचता आली, कारण जन्मभर त्यांनी काचेच्या मागून उलटी अक्षरं रंगवली होती. 'चित्र क्रमांक तीन : नाही' असं ते होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर काउंटर आला, एसी आला, वाढदिवसाच्या पोरांच्या गॉगल घातलेल्या फोटोंची रांग आली.

भगवानरावांचाही धीर सुटला. दयाराम भरलेली बादली घेऊन परत येतोय तोच त्यांनी ती हिसकावली.

"सरपंच, शिंपडा! शिंपडा फक्त!"

"येळ हाय काय शिंपडाले?" म्हणत भगवानरावांनी पुरी बादली भिंतीवर फेकली.

क्षणभर नळ दिसला. सुरेख निळा नळ आणि त्याच्या तोंडाशी एक थेंब. मग पोतारा ओघळला, त्याच्यामागून नळ ओघळला, थेंब ओघळला, 'वाचवा' हा शब्द गटारात गेला. आणि खालून, चौदा वर्षांपूर्वीच्या अस्सल ऑइल पेंटात, एक माणूस वर आला.

माणूस हसत होता. काळ्याभोर मिशा, गुलाबी फेटा, हातात भोपळ्याएवढं कपाशीचं बोंड, आणि बत्तीसच्या बत्तीस दात. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'बोंडअळीला रामराम, भगवानरावांना आराम!'

मॅडमनी चित्राकडे पाहिलं, मग सरपंचांकडे पाहिलं. सरपंचांनी घाईघाईने दुपट्टा तोंडावर घेतला, पण मिशा तेवढ्या बाहेर राहिल्या.

"हे… तुम्ही?"

"तवा कंपनीनं फोटो काढला होता," भगवानराव दुपट्ट्यातून म्हणाले. "मले काय मालूम भिंतीवर टाकतीन?"

"मालूम नव्हतं?" गोजरबाई म्हणाल्या. "फेटा बांधाले अर्धा दिवस लागला. अन् मॅडम, असे दात मी लग्नात बी नव्हते पाह्यले."

पहिली हसली ती वच्छलाबाई. मग हसणं गल्लीभर पसरलं. पण त्या हसण्यात दुसरंही काही होतं. त्या फेट्याकडे आणि त्या दातांकडे बघूनच साऱ्या गावाने तेव्हा ते बियाणं घेतलं होतं. पहिली काही वर्षं पीकही बरं आलं. आणि यंदा प्रत्येक बोंडात गुलाबी अळी निघाली. दिवाळीनंतर लोकांनी उभ्या पऱ्हाटीत जनावरं सोडली. तेव्हापासून भगवानरावांना त्या भिंतींसमोरून जाववत नव्हतं, म्हणून अकराच्या अकरा त्यांनी झाकून घेतल्या होत्या.

"बाकीच्या भिंतीखाली बी हा असाच साबूत हाय काय?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

रहेमतुल्लाभाईंनी मान खाली घातली. ती मान पुरेशी होती. सत्यभामाबाई घरात गेल्या आणि ज्या रांजणाला हात लावू देत नव्हत्या तोच कलता करून बादली भरून आणली. पाठोपाठ घराघरांतून बादल्या, घागरी, तांबे निघाले. तीन दिवसांचं पाणी दहा मिनिटांत भिंतींवर गेलं. वड गेला, बैल गेले, आणि गल्लोगल्ली भगवानराव हसत बाहेर आले. शाळेत जाणाऱ्या मुलीचे डोळे गेल्यावर तिच्या जागीही भगवानरावच उभे राहिले. दयाराम मोजत होता. "अकरा, साहेब. पुरे अकरा."

चित्रफेरी झाली ती अशी. आठल्ये मॅडम एकेका भिंतीपुढे थांबत गेल्या, बोटाने रंग चाचपत गेल्या, आणि शेवटी वळून त्यांनी विचारलं, "हे कोणी काढलंय?"

रहेमतुल्लाभाईंना वाटलं, नाही म्हणावं. गाव या चित्राला भुललं त्यात आपल्या हाताचाही वाटा आहे, हे त्यांना दिवाळीपासून सलत होतं. पण रेघ त्यांची होती. चौदा उन्हाळे खाऊन, दोन थरांखाली दबून ती अजून जागची हलली नव्हती. शरम वाटत होती आणि अभिमानही वाटत होता, आणि दोहोंपैकी कुठलंच त्यांना लपवता आलं नाही.

"मीच," ते म्हणाले. "अन् ते वाहून गेलं ते बी मीच."

"ते गेलं ते बरं झालं," मॅडम म्हणाल्या. "हे मात्र विलक्षण आहे."

"पन अर्धंच हाय," मागून वच्छलाबाई म्हणाल्या. "अळी राह्यली त्याच्यातली."

सगळ्यांनी सरपंचांकडे बघितलं. भगवानरावांनी तोंडावरचा दुपट्टा काढला. भिंतीवरच्या भगवानरावांपुढे ते फार म्हातारे दिसत होते.

"माया पंधरा एकरात बी तेच निंघाली," ते हळूच म्हणाले. "मी काय तुमाले फसवलं नाही बाप्पा. मी बी त्याच फोटोले फसलो. काढ रहेमतभाई. गुलाबी काढ. माया बोंडापासून सुरुवात कर."

पिशवीत पाट्यांच्या डागडुजीसाठीचे ऑइल पेंटचे लहान डबे होते. रहेमतुल्लाभाईंनी तांबड्यात पांढरा घोटला आणि बारीक ब्रश धरला. त्या भल्यामोठ्या बोंडाच्या पाकळीतून एक बोटभर गुलाबी अळी डोकं वर काढून हसऱ्या भगवानरावांकडे बघू लागली. लोक दुसऱ्या भिंतीकडे चालू लागले, तेव्हा ब्रश पुसून तेही निघाले. डबे अकीलने उचलले होते.

महिन्याभराने निकाल आला. तांबुळखेड नापास. विहित विषयावरील चित्रे आढळली नाहीत, असा शेरा होता. सोबत आठल्ये मॅडमचं वेगळं पत्र होतं. या भिंतींना कुणीही हात लावू नये, त्या जुलैमध्ये विद्यार्थ्यांना घेऊन चित्रफेरीला येणार आहेत आणि माहिती स्वतः सरपंचांनी सांगावी. भगवानरावांनी पत्र दोनदा वाचलं आणि 'दातांचं काही करता येईल का' म्हणून निरोप पाठवला. रहेमतुल्लाभाईंनी उलट निरोप दिला, की आता भिंतींना हात लावायची बंदी आहे.

पण नापास म्हणजे नापास. शब्द दिला होता. निकाल आला त्या रात्री रहेमतुल्लाभाईंनी सगळे ब्रश धुतले, फडक्यात गुंडाळले आणि अकीलपुढे ठेवले. "सोमवारपासून येतो," ते म्हणाले.

अकीलने गुंडाळी उचलली नाही.

"अब्बा, दुकानावरची पाटी पाह्यली काय तुमी? मागच्या उन्हाळ्यात लावली होती. पार उडली. गिऱ्हाइकाले दुकानच सापडत नाही."

"फ्लेक्स हाय. उडनच."

"हाव," अकील म्हणाला. त्याला पुढचं बोलायला फार जड गेलं. "म्हनून म्हनलं… तुमी ऑइल पेंटात काढून द्या."

सोमवारी ठरल्याप्रमाणे रहेमतुल्लाभाई दुकानात हजर झाले. काउंटरवर नाही, शिडीवर. 'अकील डिजिटल फ्लेक्स' हे नाव त्यांनी पत्र्यावर लाल अक्षरांत लिहिलं आणि काळ्याने सावली दिली. अकील खाली शिडी धरून उभा होता. रस्त्यावरचे लोक थांबून वर बघत होते आणि दोघांनी आपल्याही दुकानाची पाटी अशीच हवी म्हणून चौकशी केली. ती अकीललाच केली, कारण मालक तो.

"अब्बा, झालं काय? उतरा नं आता," तो वैतागून ओरडला.

"थांब बे," वरून आवाज आला. "वाळू दे. हे वाळल्यावर बी दिसते."